राखण की पाळत?

सध्या आपल्या भागात जिकडे जावे तिकडे कॅमेऱ्याचा विषय आहे. बेळगाव, शहापूर, वडगावच्या जुन्या गल्ल्या असोत की निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, पंचांच्या बैठकीत देवळाचा हिशेब वाचून झाला की पुढचा विषय तोच. गल्लीच्या दोन्ही तोंडांना कॅमेरे बसवायचे, घरटी वर्गणी काढायची, आणि एखाद्या माहीतगार पोराकडून कोटेशन मागवायचे. कोटेशन येते. ते इंग्रजीत असते. त्यात 'टू एमपी, थ्री पॉइंट सिक्स एमएम, एच टू सिक्स फाइव्ह, वन टीबी, आयआर ट्वेंटी मीटर' असे काहीबाही असते. पंच ते हातोहाती फिरवतात, शेवटचा आकडा तेवढा वाचतात, 'थोडे कमी करा की वो' म्हणतात, आणि सही होते.

आम्ही बँकेत कारकुनी करतो. पेन्सिलीने फुली मारलेल्या जागी निमूटपणे सही करणारी माणसे आम्ही रोज पाहतो. त्यांचा आम्हाला राग येत नाही; छापील अर्जाची भाषा त्यांची नसते, एवढेच. पण १ नोव्हेंबर १९५६ पासून ज्या समाजाने भाषेसाठी झगडा मांडला आहे, त्याने आपल्याच दारावर बसणाऱ्या यंत्राचा कागद न वाचता मान्य करावा हे आम्हाला पटत नाही. म्हणून हा प्रपंच.

आधी एका शब्दाचा निकाल लावू. इंग्रजीत या सगळ्याला 'सर्व्हेलन्स' असा एकच शब्द आहे. आपल्या मराठीत मात्र दोन आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. एक 'राखण' आणि दुसरा 'पाळत'. शेताची राखण करतात, घराची करतात, खळ्यावरच्या धान्याची करतात. पाळत मात्र माणसावर ठेवतात, आणि तीही संशयिताच्या. राखणदार कोण आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते; पाळत ठेवणारा सहसा ओळख देत नाही. राखणदाराला धनी असतो आणि तो त्या धन्याला जबाबदार असतो. पाळत ठेवणाऱ्याचा धनी कोण, हे ज्याच्यावर पाळत आहे त्याला कधीच सांगितले जात नाही. यंत्र तेच, तार तीच, खांबही तोच. पण गल्लीच्या तोंडावरचा कॅमेरा राखणीचा की पाळतीचा, हे कोटेशनमधल्या त्या न वाचलेल्या शब्दांवर आणि कोटेशनमध्ये नसलेल्या दोन-तीन गोष्टींवर ठरते.

'सीसीटीव्ही' हे नावच घ्या. क्लोज्ड सर्किट टेलिव्हिजन. म्हणजे बंदिस्त फेऱ्यातला दूरदर्शन. चित्र आकाशवाणीसारखे चहूकडे जाणार नाही, ठरावीक पडद्यावरच दिसेल. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे येथे रॉकेटचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी अशी यंत्रणा वापरली गेली. तेव्हा ती खरोखरच बंदिस्त होती. आज तो पोरगा आपल्याला सांगतो, 'काका, मुंबईला गेलात तरी मोबाइलवर गल्ली दिसणार बघा.' आपण खूश होतो. पण गल्ली मुंबईत दिसते याचा अर्थ फेरा उघडा झाला. चित्र आपल्या घरातून निघून कुठल्या तरी कंपनीच्या संगणकावरून फिरून आपल्या हातात येते. नाव जुनेच राहिले आणि वस्तू बदलली. आपल्याकडे 'नगरपालिका' म्हणत म्हणत महानगरपालिका झाली, तसेच काहीसे.

आता 'मेगापिक्सेल'. विक्रेत्याचा हा आवडता शब्द आणि गिऱ्हाइकाचाही. दोन मेगापिक्सेल म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एकूण २०,७३,६०० ठिपक्यांचे चित्र. आकडा मोठा वाटतो. पण हे ठिपके किती जागेवर पसरले आहेत, हा खरा प्रश्न आहे. पावशेर तूप दोन पोळ्यांना लावले तर लागते, पन्नास पोळ्यांना लावले तर नुसता वास येतो. युरोपातल्या एका प्रमाणकात, ज्याचा आधार जगभर घेतला जातो, याचे सरळ मोजमाप आहे. एक मीटर रुंदीच्या जागेवर २५ ठिपके पडत असतील तर तिथे माणूस आहे एवढे कळते. १२५ पडत असतील तर ओळखीचा माणूस ओळखू येतो. अनोळखी माणसाचा चेहरा नि:संशय ओळखता यावा यासाठी २५० लागतात. म्हणजे दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा फार तर पावणेआठ मीटर रुंदीच्या दृश्यातच चेहरा देऊ शकतो.

ही रुंदी ठरवते लेन्स. 'थ्री पॉइंट सिक्स एमएम' म्हणजे तीच, ३.६ मिलिमीटर. आकडा लहान तितके दृश्य रुंद, आकडा मोठा तितके अरुंद पण लांबवरचे. ३.६ ची लेन्स असलेला दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा चेहरा देतो तो साधारण पंधरा फुटांपर्यंत. त्यापुढे तो माणूस देतो, चेहरा देत नाही. आठ मिलिमीटरची लेन्स घेतली तर हेच अंतर तीस-पस्तीस फुटांवर जाते. पण मग शेजारचे दार दिसत नाही. आपल्या गल्ल्या शंभर-दीडशे फूट लांब. खांबावर वीस फूट उंच एक रुंद लेन्सचा कॅमेरा टांगायचा आणि 'पूर्ण गल्ली कव्हर' म्हणायचे, हा जो प्रकार सर्रास चालतो, त्यात चोर आल्याचे समजते, तो किती वाजता आला तेही समजते, आणि तो कोण हे सोडून बाकी सारे समजते. वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला टोपी दिसते, नाक-डोळे नाही. म्हणून पंचांनी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: 'चेहरा ओळखू येण्याचे अंतर किती फूट? ते कोटेशनवर लिहून दे.' निम्मे विक्रेते इथेच गप्प होतील.

'नाईट व्हिजन'चे थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्याभोवती छोटे दिवे असतात, त्यांचा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. पण त्या प्रकाशात चित्र काळे-पांढरे येते. त्यामुळे रात्रीच्या चित्रात गाडी लाल होती की निळी, हे विचारू नये. शिवाय आपल्या पेठेतली दुकाने आतून अंधारी आणि समोरचा रस्ता उन्हात लख्ख. दारात उभा असलेला माणूस चित्रात नुसता काळा ठोकळा दिसतो. त्यावर उपाय असलेला कॅमेरा मिळतो, त्याला 'डब्ल्यूडीआर' म्हणतात. दुकानदारांनी तेवढी तीन अक्षरे लक्षात ठेवली तरी पुष्कळ.

आता आमच्या धंद्यातला विषय, साठवण. कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रे काढतो. ती सगळी जशीच्या तशी ठेवायची म्हटले तर दिवसभरात डिस्क भरेल. म्हणून यंत्र एक युक्ती करते. पहिले चित्र पूर्ण लिहिते, आणि पुढे फक्त जे बदलले तेवढेच लिहिते. कॉमर्स शिकलेल्याला हे शिकवावे लागत नाही. सुरुवातीची शिल्लक एकदा मांडायची आणि मग नुसत्या जमा-नावेच्या नोंदी. 'एच.२६४' आणि 'एच.२६५' ही या खतावणीच्या दोन पद्धतींची नावे आहेत. पहिली २००३ सालची, दुसरी २०१३ ची, आणि दुसरीला साधारण निम्मी जागा पुरते. कोटेशनमध्ये यांपैकी काय आहे त्यावरून डिस्क केवढी लागेल ते ठरते.

हिशेब करून पाहू. एका कॅमेऱ्याचा प्रवाह सेकंदाला दोन मेगाबिट धरला. आठ बिटांचा एक बाइट (विक्रेते बिट आणि बाइट यांची बेमालूम अदलाबदल करतात, तिकडे लक्ष असावे). दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ गिगाबाइट. चार कॅमेऱ्यांचे ८६.४. आता ती 'वन टीबी' डिस्क म्हणजे १००० गिगाबाइट. भागाकार करा. साडेअकरा दिवस! बाराव्या दिवशी यंत्र पहिल्या दिवसावर नवे लिहू लागते. याला 'ओव्हरराइट' म्हणतात. पाटी पुसून पुन्हा लिहिण्यासारखेच हे, फक्त पुसताना आवाज होत नाही. तीस दिवस हवे असतील तर २५९२ गिगाबाइट लागतात, म्हणजे बाजारातली तीन किंवा चार टीबीची डिस्क.

आमच्या माहितीतल्या एका दुकानात हेच घडले. मालक मुलीच्या घरी पुण्याला पंधरा दिवस राहून आले, मालाचा तुटवडा लक्षात आला, कॅमेरा उघडला, तर हव्या त्या दिवसाचे चित्रण पुसून गेलेले. बसवणाऱ्याने बिलावर 'बॅकअप' असा शब्द लिहिला होता. बॅकअप किती दिवसांचा, हे कुठेच नव्हते. कॅमेरे चार, खर्च भरपूर, आणि उपयोग शून्य.

किती दिवस जपावे याला काही ठिकाणी कायद्याने उत्तर दिले आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या सूचनेप्रमाणे बँकेच्या लॉकर खोलीच्या ये-जा करण्याच्या जागेचे चित्रण किमान १८० दिवस जपावे लागते. १ जानेवारी २०२२ पासून हे लागू आहे. नोटाबंदीच्या वेळचे, म्हणजे ८ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर २०१६ या काळातले चित्रण तर पुढील आदेशापर्यंत जपून ठेवा असे जून २०२१ मध्ये पुन्हा कळवले गेले. आपल्या ज्या ठेवी पतसंस्थांत आहेत, त्या संस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. तिथे दागिन्यांच्या तारणाच्या खोलीचे चित्रण किती दिवस राहते, हे वार्षिक सभेत उठून विचारायचा हक्क सभासदांना आहे. लाभांशाचा टक्का विचारतो तितक्याच मोकळेपणाने हेही विचारावे. कर्नाटकात २०१७ चा सार्वजनिक सुरक्षेचा कायदा आहे, त्यात वर्दळीच्या आस्थापनांनी कॅमेरे बसवून चित्रण ३० दिवस जपायचे आहे. साडेअकरा दिवसांची डिस्क घेऊन मोठे दुकान, मंगल कार्यालय चालवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

घड्याळाची गोष्ट छोटी आहे पण सगळ्यांत जास्त घोटाळे तिथेच होतात. चित्रावर कोपऱ्यात जी वेळ उमटते ती यंत्राच्या घड्याळाची. वीज जाऊन यंत्र बंद पडले, आतली बॅटरी संपली, की ते घड्याळ मागे पडते, कधी थेट वर्षे मागे जाते. पोलीस आल्यावर मग 'साहेब, यात चाळीस मिनिटे मिळवा' असे सांगायची वेळ येते. महिन्यातून एकदा घड्याळ लावून वहीत नोंद ठेवायला कुणाला काय पडते?

आणि हे सारे जपून ठेवलेले चित्रण न्यायालयात कसे उभे राहते, त्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे असे की, खोतकरांचा उमेदवारी अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजून गेल्यावर घेतला गेला. पुरावा कोणता? निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यांचे चित्रण. पण पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाप्रमाणे असे चित्रण कोणत्या यंत्रावरचे, कसे काढले, याचे प्रमाणपत्र लागते, आणि ते ज्यांनी द्यायचे ते अधिकारी मागून मागून देईनात. तरीही औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला की प्रमाणपत्र अनिवार्यच आहे. मात्र ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळे केले, त्याला समोरच्याच्या टाळाटाळीची शिक्षा देता येणार नाही. उच्च न्यायालयाचा निर्णय कायम राहिला. तोवर त्या विधानसभेची मुदतही संपली होती, ही गोष्ट निराळी.

आता १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा आला आहे. ६५-ब ची जागा नव्या कायद्याच्या ६३ व्या कलमाने घेतली, आणि प्रमाणपत्रात 'हॅश व्हॅल्यू' नावाचा एक आकडा लिहावा लागतो. हा शब्द ऐकून वकीलसुद्धा दचकतात. वास्तविक शाळेत गुणाकार बरोबर आहे का हे पाहायला आपण ताळा करीत होतो, त्याचाच हा मोठा भाऊ. संपूर्ण चित्रणाच्या फाइलवरून यंत्र एक लांबलचक आकडा काढते. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी ताळा जमत नाही. बँकेत आमचा रोजचा व्यवहारच ताळ्यावर चालतो, एक रुपया चुकला तरी घरी जाता येत नाही. न्यायालयाने चित्रणाला तेच लावले आहे. तेव्हा चोरीनंतर मोबाइलने पडद्याचा फोटो काढून तो गटागटात फिरवणे म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे मूळ यंत्रातली फाइल, तिचा ताळा आणि ती काढणाऱ्याची सही.

चित्रण असले म्हणजे चोर सापडतोच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. १९ नोव्हेंबर २०१३ ला बेंगळुरूत एका एटीएममध्ये एका महिलेवर कोयत्याने हल्ला झाला. हल्लेखोराचा चेहरा, कपडे, त्याने शटर खाली ओढले ते, सगळे साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. तो हाती लागला २०१७ साली, आंध्रातल्या मदनपल्लीत. कॅमेरा आठवण ठेवतो. धावून जात नाही. धावून जायला गल्लीत माणसे लागतात, आणि आपल्या जुन्या वाड्यांतून ती झपाट्याने कमी होत आहेत. वर म्हातारा-म्हातारी, खाली कुलूप आणि मुले पुण्या-मुंबईला. या घरांना कॅमेऱ्याची गरज आहे, आणि म्हणूनच आम्ही कॅमेऱ्याच्या विरोधात नाही.

आता अवघड जागी येऊ. आपल्या मंडळींत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, कॅमेरे नकोतच. आज चोरासाठी म्हणून बसवाल आणि उद्या १ नोव्हेंबरच्या फेरीला कोण-कोण होते ते त्याच कॅमेऱ्यातून मोजतील. दुसरा तट म्हणतो, कॅमेरे बसवा आणि त्यांची जोडणी थेट पोलिसांना देऊन टाका, म्हणजे आपली जबाबदारी संपली. पहिल्या तटाची भीती पोकळ नाही. बेळगाव जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आले, त्या योजनेतून शहरात नियंत्रण केंद्र उभे राहिले, चौकाचौकांत कॅमेरे आहेत. सभा-मोर्चांचे पोलीस चित्रण करतात हे तर आपण कित्येक वर्षे पाहत आहोत, त्यात लपवण्यासारखे कुणाकडेच काही नाही. पण चौकातला कॅमेरा शासनाचा आणि गल्लीतला आपला, हा फरक राहिला पाहिजे. गल्लीच्या तोंडावरचा कॅमेरा चोवीस तास टिपतो ते मोर्चा नव्हे. कुणाच्या घरी कोण आले, कुणाची सून कधी बाहेर पडली, कुणाकडे पाहुणे उतरले, ते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. तो हक्क वर्गणी भरून आपणच दुसऱ्याच्या हाती द्यायचा का?

मात्र पहिल्या तटाला आम्ही येळ्ळूरची आठवण देऊ. जुलै २०१४ मध्ये तिथला महाराष्ट्र राज्याचा फलक हटवताना लाठीमार झाला. त्याची दृश्ये वाहिन्यांवरून सगळ्या महाराष्ट्राने पाहिली, म्हणून त्याची चर्चा झाली. कॅमेरा नसता तर 'किरकोळ बळाचा वापर' एवढ्या शब्दांत ते प्रकरण कागदावर निजले असते. कॅमेरा ज्याच्या हातात, साक्ष त्याच्या बाजूला. मग तो आपल्या हातात असायला काय हरकत आहे?

याच संदर्भात २ डिसेंबर २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आपल्या लोकांना फारसा ठाऊक नाही. त्या निकालाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे सक्तीचे केले. दारात, कोठडीत, आवारात, मागच्या बाजूलाही. चित्रासोबत आवाजही टिपणारे, रात्री दिसणारे. चित्रण अठरा महिने जपायचे, ती सोय मिळत नसेल तर निदान एक वर्ष तरी. आणि ठाण्याच्या दारात व आत मोठ्या अक्षरांत फलक लावायचे की इथे कॅमेरे आहेत; ते इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत. ठाण्यात मारहाण झाली तर माणसाला मानवी हक्क आयोगाकडे जाता येते, हेही त्या फलकावर हवे. बरेच कॅमेरे बंद असल्याची तक्रार वाढली तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने स्वतःहून पुन्हा दखल घेतली.

स्थानिक भाषा! बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ठाण्यांच्या दारात स्थानिक भाषा कोणती, हे आम्ही या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. कन्नड असावीच, राज्याची भाषा आहे आणि आपल्या गल्लीतले कन्नड शेजारीही तितकेच गिऱ्हाईक आहेत या व्यवस्थेचे. पण ज्या खेड्यातून पकडून आणलेल्या पोराला मराठीखेरीज वाचता येत नाही, त्याला त्याचा हक्क कोणत्या अक्षरांत कळणार? भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राने १९५६ सालीच मान्य केले आहे. आणि अगदी ताजी गोष्ट सांगतो. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यात असे आहे की, माणसाची माहिती घेण्यासाठी संमती मागणाऱ्याने त्याला सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची मुभा दिली पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत पहिल्या दिवसापासून आहे. शासनाला त्या कायद्यात भरपूर सवलती आहेत, हे खरे. पण बँका, मोबाइल कंपन्या, मोठी दुकाने यांना मराठीत सूचना मागण्याचा हा हक्क राज्याच्या सीमेवर अवलंबून नाही. इतकी वर्षे आपण कचेऱ्यांत मराठी परिपत्रके मागत आलो. ही मागणीही त्याच अर्जात बसते, आणि हिला कायद्याचा टेकू अधिक भक्कम आहे.

यावर कुणी म्हणेल, मराठीत शब्द आहेत कुठे? शिवछत्रपतींनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी 'महापौर' दिला, आणि बेळगावात तर त्या शब्दाला वेगळेच वजन आहे. तेव्हा शब्द घडवता येतात. पण कोशातले सगळेच शब्द रुजले नाहीत, हेही पाहावे; 'कचेरी' आणि 'फौज' अजून तशाच आहेत. कॅमेरा, लेन्स, डिस्क, केबल यांना हात लावू नये; पोरे हसतील आणि बरोबर हसतील. शब्द हवेत ते वस्तूंना नव्हे, व्यवहाराला. 'रेकग्निशन'पेक्षा 'ओळख पटण्याचे अंतर', 'रिटेन्शन'पेक्षा 'जपणुकीचे दिवस', 'ओव्हरराइट'ला 'पुसून लिहिणे', 'हॅश'ला 'ताळा', 'ॲक्सेस'ला 'कुणाला पाहता येईल'. यातला एकही शब्द आम्ही घडवलेला नाही. सगळे घरातलेच आहेत. जाता जाता एक. गाडीवर क्रमांक देवनागरीत लिहिण्याची हौस आपल्यातल्या पुष्कळांना आहे. तो अभिमान आम्हाला कळतो, पण मोटार वाहन नियमांत तो बसत नाही आणि क्रमांक वाचणाऱ्या कॅमेऱ्यालाही तो वाचता येत नाही. गाडी चोरीला गेली तर कोगनोळी नाक्यावरून ती निघून गेली तरी कॅमेऱ्याला पत्ता लागणार नाही. मराठी दारावर लिहावी, ठरावात लिहावी, कोटेशनवर लिहून घ्यावी.

आमचे मत असे. गल्लीने कॅमेरे बसवावेत, पण पैसे देण्याआधी पंचांनी मराठीत ठराव करावा आणि तो इतिवृत्ताच्या वहीत लिहावा. यंत्र कुणाच्या घरात राहणार, चित्रण पाहण्याची परवानगी कुणाकुणाला, जपणुकीचे दिवस तीस की पंधरा, कॅमेरा कुणाच्या खिडकीत किंवा परड्यात डोकावणार नाही याची जबाबदारी कुणाची, ते त्यात असावे. पोलिसांनी चित्रण मागितले तर अवश्य द्यावे, तपासात मदत करणे आपले कर्तव्यच आहे. पण लेखी मागणीवर, त्या घटनेच्या तेवढ्याच वेळेचे, पोच घेऊन. कायमची जोडणी देऊ नये. गल्लीच्या तोंडावर कन्नड आणि मराठी दोन्हींत फलक लावावा की इथे कॅमेरा आहे आणि तो अमुक गल्लीच्या पंचांचा आहे. फलक लागला की ती राखण होते. फलकाशिवाय ती पाळत.

राहिला पासवर्ड. २०१६ मध्ये जगभरातले लाखो कॅमेरे आणि त्यांची रेकॉर्डिंग यंत्रे चोरांच्या ताब्यात गेली ती केवळ कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलला नव्हता म्हणून. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीची चित्रणे बाहेर आली, तिथेही तेच. त्याच वर्षी ९ एप्रिलपासून शासनाने देशात विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची केली आहे, तेव्हा जुना पडून असलेला माल कुणी स्वस्तात देऊ लागला तर चाचणीचा कागद मागावा. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. पासवर्डचा अर्धा भाग अध्यक्षांकडे आणि अर्धा खजिनदारांकडे ठेवला तर दोघे मिळूनच यंत्र उघडेल. बसवणाऱ्या पोराकडे तो राहू देऊ नये, तो कितीही घरचा असला तरी.

ठरावाचा मसुदा आम्ही तयार केला आहे. ज्या पंचांना हवा असेल, किंवा आलेले कोटेशन वाचून हवे असेल, त्यांनी ते संघटनेच्या कार्यालयात आणून द्यावे. कोटेशनची सगळी पाने आणावीत. वॉरंटीच्या अटी बहुधा शेवटच्या पानाच्या मागे असतात.